बोटीवर नेण्याआधी घरी वीस पानं

प्रश्न : बाई, नमस्कार. मी कोल्हापुरात, राजारामपुरीत राहते. येत्या जानेवारीत आम्ही चौघं मुंबईहून बोटीनं लक्षद्वीपला जाऊन परत येणार आहोत. पाच रात्री बोटीवर. मी, मिस्टर, तेरा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. वर्षभर डबे, दुकानाचा हिशेब आणि मुलाचा अभ्यास यात माझं वाचन होत नाही, म्हणून सात पुस्तकं बाजूला काढून ठेवली आहेत. त्यात ‘तुंबाडचे खोत’चे दोन्ही खंड आहेत. मिस्टर म्हणतात, पुस्तकं कशाला, समुद्र बघ की. ते स्वतः पेपरशिवाय काही वाचत नाहीत. मुलगा मोबाइल सोडत नाही. सासूबाईंच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. कोणती पुस्तकं न्यावीत आणि किती?

उत्तर : सातांपैकी पाच पुस्तकं आजच परत कपाटात ठेवा. मन मोडावं म्हणून नाही सांगत. चौतीस वर्षं मी वाचनालयाच्या काउंटरवर बसले. मे महिना लागला की लोक सुट्टीसाठी जाडजूड पुस्तकं मागून न्यायचे. जूनमध्ये ती परत आली की आत राहिलेली खूण मी बघायची. कधी एसटीचं तिकीट, कधी बडीशेपेची रिकामी पुडी, आणि ती बहुतेक वेळा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या प्रकरणातच असायची. वाचायची इच्छा खरी असायची. वेळेचा अंदाज चुकायचा.

तुमचाही अंदाज मांडून बघू. पाच रात्री म्हणजे पूर्ण दिवस हाताला लागतात चारच. पहिला दिवस बंदरावरची तपासणी, खोली शोधणं आणि बोट सुटताना सगळ्यांना करावी लागणारी लाइफ जॅकेटची कवायत यात जातो. शेवटचा दिवस सामान आवरण्यात. मधल्या चार दिवसांत नाश्ता, जेवण, चहा, संध्याकाळचे कार्यक्रम, बेटावर उतरणं, शिवाय भोंग्यावरून येणाऱ्या सूचना. यातून दिवसाला दीड तास वाचायला मिळाला तर चांगलं झालं म्हणायचं. मी तासाला पंचवीस-तीस पानं वाचते, तुम्हीही तेवढीच वाचत असाल. म्हणजे सगळ्या प्रवासात दीडशे ते एकशे ऐंशी पानं. एक लहान कादंबरी आणि वर चार-दोन कथा, बस्स.

‘तुंबाडचे खोत’ मला फार प्रिय आहे, आणि म्हणूनच ते बोटीवर नेऊ नका. श्री. ना. पेंडशांनी कोकणातल्या जगबुडी नदीच्या काठावरचं एक घराणं पिढ्यान्‌पिढ्या उभं केलंय. माणसं इतकी आहेत की पहिली शंभर पानं सलग वाचल्याशिवाय कोण कुणाचा हे डोक्यात बसत नाही. ते पुस्तक आपल्या कोल्हापूरच्या पावसाळ्यातलं आहे. जुलैत रंकाळा भरतो, चार-चार दिवस उघडीप नसते, दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं, तेव्हा काढा.

आता मुख्य गोष्ट सांगते. बोटीवरचा वेळ रिकामा असतो असं आपल्याला घरी बसून वाटतं. तसा तो नसतो. तो तुकड्या-तुकड्यांचा असतो आणि हलता असतो. पुस्तक निवडायचं ते या दोन गोष्टी धरून.

हलता म्हणजे काय, ते मी भोगलंय. २०१९ च्या डिसेंबरात मी आणि माझी धाकटी बहीण मुंबईहून गोव्याला बोटीनं गेलो. मी सहाशे पानांचं एक चरित्र घेतलं होतं. रात्रीचं जेवण झाल्यावर खोलीत आडवी होऊन वाचायला घेतलं. खोलीला खिडकी नव्हती. पंधरा-वीस मिनिटांत ओळी सरकायला लागल्या, तोंडाला पाणी सुटलं आणि उरलेली रात्र न्हाणीघराच्या दारात गेली. कारण साधं आहे. आतल्या कानाला बोटीचा डोल कळत असतो, पण डोळे पानावर खिळलेले, ते मेंदूला सांगतात की सगळं स्थिर आहे. या भांडणातून मळमळ उठते. वाचन हे भांडण वाढवतं. आपल्याकडे घाटात गाडी लागते म्हणतात, तसं कोकणातली माणसं बोट लागली म्हणतात.

तेव्हा जायच्या आधी एक परीक्षा घ्या. आंबा घाटातून किंवा गगनबावड्याहून खाली उतरताना तुम्हाला गाडीत वाचता येतं का? येत असेल तर निर्धास्त राहा. मान खाली घालून मोबाइल बघतानाही कसंनुसं होत असेल, तर बुकिंग करतानाच मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली मागा. तिथे डोल सर्वांत कमी जाणवतो. गोळी डॉक्टरांना विचारून ठेवा. ती बोट सुटायच्या आधी घ्यावी लागते, मळमळ सुरू झाल्यावर फारसा उपयोग नाही. आणि बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, त्यामुळे त्या दिवशी वाचनाचा हट्ट धरू नका. वाचायला खोलीत बसूच नका. डेकवर, वाऱ्याच्या आडोशाला, क्षितिज दिसेल असं बसा आणि दर पानाला मान वर करून लांब बघा. मळमळ वाटली की पुस्तक त्याच क्षणी मिटायचं. "एवढं प्रकरण संपवते" हे घरी ठीक आहे.

म्हणजे पुस्तक असं हवं की दर पानाला मान वर केली तरी धागा सुटणार नाही. कथा, ललित लेख, पत्रं, लहान प्रकरणांची कादंबरी. आणि ते घरी सुरू केलेलं हवं. हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे. कोरं पुस्तक बोटीवर नेऊ नका. प्रत्येक पुस्तकाची वीस पानं घरी वाचा, आणि रात्री भांडी आवरून झाल्यावर, थकलेल्या अवस्थेत वाचा. एकविसावं पान उलटावंसं वाटलं तरच ते पिशवीत जाईल. नवीन पुस्तकात शिरायला जे बळ लागतं ते घरातच खर्च झालेलं बरं. बोटीवर पुस्तकानं तुम्हाला आत ओढलं पाहिजे.

तुमच्यासाठी माझ्या मनात एकच नाव आहे, विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’. १९३९ सालची कादंबरी. युरोपातून हिंदुस्थानकडे येणारी बोट, महायुद्ध तोंडावर आलेलं, हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले ज्यू त्याच बोटीवर, आणि त्यात चक्रधर हा मराठी तरुण आणि हेर्टा ही ज्यू तरुणी. बहुतेक सगळं घडतं ते डेकवर आणि केबिनमध्ये. लहानशी आहे, तुमच्या दीडशे पानांत बसते. मी ती पहिल्यांदा विशीत वाचली तेव्हा प्रेमकथा म्हणून वाचली. गोव्याहून आल्यावर पुन्हा काढली आणि मला त्यातली बोट दिसली. एकाच कठड्याला टेकून उभी असलेली माणसं, ज्यांतली काही घरी चालली आहेत आणि काहींना घरच उरलेलं नाही. डेकवर उभं राहून गेलेल्या माणसाला ते फार लवकर कळतं. एक सूचना मात्र पाळा. शेवट जड आहे. परतीच्या शेवटच्या रात्रीला तो ठेवू नका, दोन दिवस आधी संपवा, म्हणजे पाण्याकडे बघत बसायला वेळ राहील.

सातांतलं दुसरं पुस्तक तुमचं तुम्ही ठरवा, वीस पानांच्या परीक्षेत उतरेल ते.

मिस्टरांना पेपर लागतो, आणि बोटीवर तो सकाळी दारात पडणार नाही. ही सोय त्यांच्यासाठी आधीच करायला हवी. त्यांना कादंबरी देऊ नका. शंकर पाटलांच्या कथांचं एखादं पुस्तक न्या. पाटील आपल्या हातकणंगले तालुक्यातल्या पट्टणकोडोलीचे. त्यांच्या कथेतली माणसं बोलतात ती भाषा तुमच्या दुकानात रोज ऐकू येत असेल. एक कथा पंधरा-वीस मिनिटांत होते, पेपरइतक्याच वेळात. आणि ते पुस्तक त्यांच्या हातात देऊन "वाचा" म्हणू नका. सासूबाईंना वाचून दाखवायला सांगा. आईला वाचून दाखवायचं म्हटलं की न वाचणारा माणूसही बसतो, हे मी कितीतरी घरांत पाहिलंय. आमच्या गोव्याच्या प्रवासातही दुसऱ्या दिवशी तसंच झालं. मला डोळे पानाला लावायची हिंमत नव्हती, तेव्हा बहिणीनं दिवाळी अंकातली एक कथा मोठ्यानं वाचली. मी पाण्याकडे बघत ऐकली. शेजारच्या खुर्चीवर एक आजी होत्या, त्या खुर्ची ओढून जवळ आल्या. त्या अर्ध्या तासासाठी मी तो अख्खा प्रवास पुन्हा करीन.

दिवाळी अंकाचं बरं आठवलं. गेल्या वर्षीचे न वाचलेले दोन-तीन अंक घरात असतीलच. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं ही प्रथा सुरू केली, तेव्हा बोटीवरच्या सुट्टीचा विचार कुणाच्या मनात नसणार, पण बोटीवर नेण्यासारखं दुसरं काही मला सापडलेलं नाही. कथा आहे, लेख आहे, कविता आहे, भविष्य आहे, चौघांना आळीपाळीनं पुरतं, आणि वारा-पाण्यानं खराब झालं तर जीव तुटत नाही.

सासूबाईंच्या डोळ्यांवर ताण नको. दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू असेल तर डेकवरच्या उन्हात पांढरा कागद चकाकतो आणि अक्षर विरघळल्यासारखं दिसतं. त्या रोज पोथी वाचत असतील तर तीच पोथी मोठ्या टायपातली घ्या आणि सकाळी, ऊन चढायच्या आत, सावलीत वाचू द्या. नेम मोडला की त्या वयाच्या माणसांना प्रवास परका वाटायला लागतो. दुपारसाठी मराठी ऑडिओबुक. हल्ली तशी ॲपं आहेत, पण बोटीवरचं इंटरनेट उपग्रहावरून येतं, त्याचे पैसे वेगळे पडतात आणि ते रेंगाळतं. म्हणून कोल्हापूर सोडण्याआधी घरच्या वायफायवर दोन पुस्तकं उतरवून घ्या आणि फोन एअरप्लेन मोडवर टाकून ती खरंच चालतात का ते बघा. त्यांचं जुन्या ओळखीचं काहीतरी निवडा. ऐकता ऐकता डोळा लागला तरी कथा हरवत नाही.

मुलाचं जरा सविस्तर लिहिते, कारण तेरा हे वय असं आहे की वाचन या वयात सुटतं ते बऱ्याचदा सुटतंच. नेट नसल्यामुळे मोबाइल आपोआप थंड पडेल. त्या क्षणी त्याच्यासमोर पुस्तक ठेवलंत तर त्याला ती शिक्षा वाटेल. आधी नकाशा द्या. मोठ्या ॲटलासमधला पश्चिम किनाऱ्याचा आणि लक्षद्वीपचा, झेरॉक्स काढून, सोबत पेन्सिल. बोट कुठे असते ते बऱ्याच बोटींवर टीव्हीच्या पडद्यावर दाखवतात. दर तीन-चार तासांनी त्यानं त्या नकाशावर टिंब मारायचं. कोकण किनाऱ्याशी आला की त्याला सांगा, विजयदुर्गपासून साधारण शंभर किलोमीटर पश्चिमेला समुद्राच्या पोटात प्रवाळांचं एक पठार आहे, पाण्याखाली वीसेक मीटरवर. त्याचं नाव आंग्रिया बँक, आपल्या आंग्र्यांवरून. तुमची बोट नेमकी त्यावरूनच जाईल असं नाही, पण आपण त्या पाण्यात आहोत एवढं पुरतं. कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये गेले, आणि त्यांच्या घराण्याचं नाव अजून समुद्राच्या नकाशावर आहे. पुढे लक्षद्वीप. बेटं ३६, वस्ती फक्त दहांवर, आणि सगळी जमीन मिळून ३२ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर शहराच्या साधारण निम्मी. बहुतेक बेटांवर मल्याळमच्या वळणाची बोली आहे, पण दक्षिणेच्या टोकाला मिनिकॉयवर लोक महल बोलतात, ती मालदीवच्या भाषेची बहीण. हे सगळं तुम्ही आधी वाचून ठेवा आणि थोडं थोडं सोडा. मग त्याच्या हाताशी ज्यूल व्हर्नची एखादी समुद्रातली कादंबरी असू द्या, भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेली मिळाली तर उत्तम. भागवतांची मराठी धावते. तिची वीस पानं मात्र त्यानं नाही, तुम्ही त्याला रात्री झोपताना वाचून दाखवायची आणि ऐन भरात थांबवायची.

बांधाबांधीचं थोडक्यात. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं गेलात तर सकाळी सीएसएमटीला पोचाल. बोटीचा धक्का, बॅलार्ड पियर, तिथून जवळच आहे आणि बोटीत घेतात ते बहुधा दुपारी. तेवढा वेळ बसावं लागतं, आणि ती जागा डोलत नाही, तिथे भरपूर वाचून होतं. मोठ्या बॅगा बंदरावरच ताब्यात घेतात, त्या खोलीत यायला काही तास लागतात. पुस्तकं, चष्मे, गोळ्या आणि सासूबाईंची पोथी हातातल्या पिशवीतच ठेवा. खाऱ्या हवेनं कागद मऊ पडतो, पानं फुगतात. चिवड्याच्या जाड प्लॅस्टिक पिशव्या धुऊन, वाळवून घ्या, एकात एक पुस्तक. बेटावर जाताना लहान होडीतून जावं लागतं, तेव्हा पुस्तक खोलीतच ठेवा. तिथलं पाणी बघायचं सोडून कुणी पानात डोकं घालू नये. इथे मिस्टरांचंच खरं.

*

प्रश्न : मी गडहिंग्लजचा, वय ६८. पत्नी जाऊन दीड वर्ष झालं. मुलीनं माझं बोटीचं तिकीट काढलंय, मी एकटाच जाणार. ओळखीचं कुणी नसेल. पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलो तर लोकांना मी माणूसघाणा वाटेन का? आणि असं काय वाचू की पुन्हा पुन्हा तिची आठवण येणार नाही?

उत्तर : काका, दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते. आठवण येणार नाही असं पुस्तक माझ्याकडे नाही. माझे यजमान गेले त्या वर्षी मी शोधलं होतं. विनोदी वाचलं तर त्यांचं हसू आठवायचं, रहस्यकथा वाचली तर खुनी कोण ते मला आधी सांगून टाकायची त्यांची खोड आठवायची. शेवटी मी तो शोध सोडला आणि त्यांना आवडणारी पुस्तकंच काढून बसले. त्यानं बरं वाटलं. तुमच्या घरी त्यांच्या हातचं काही असेल, खुणा केलेलं, नाव घातलेलं, पाककृतींचं असलं तरी चालेल. तेवढं एक सोबत घ्या. वाचलंच पाहिजे असं नाही.

वाचायला मात्र पु. ल. देशपांडे यांनी केलेला हेमिंग्वेचा अनुवाद न्या, ‘एका कोळियाने’. एक म्हातारा कोळी, लहानशी होडी, एक प्रचंड मासा आणि पाणी. एका दिवसात वाचून होतो, पण तुम्ही तीन दिवस लावा. तो म्हातारा एकटा आहे, तरी केविलवाणा नाही. तो माशाशी बोलतो, पाखराशी बोलतो, स्वतःच्या हाताशी बोलतो. तुम्हीही घरी एकटे असताना बोलत असाल. त्यात वावगं काही नाही, हे मला त्या पुस्तकानं सांगितलं.

माणूसघाणं कुणी म्हणणार नाही. मराठी पुस्तक हातात धरून डेकवर बसा, मुखपृष्ठ बाहेर दिसेल असं. मुंबईहून सुटणाऱ्या बोटीवर आपली माणसं पुष्कळ असतात, आणि "काय वाचताय?" हा अनोळखी माणसाला विचारता येण्यासारखा सगळ्यात सोपा प्रश्न आहे. सकाळी सातच्या आत डेकवर या, तेव्हा संगीत सुरू झालेलं नसतं आणि फेऱ्या मारणारी तुमच्याच वयाची मंडळी असतात. जेवायला एकट्याचं टेबल मागू नका, मोठ्या टेबलावर बसवा म्हणून सांगा. दुपारी ऊन आणि गर्दी दोन्ही असतात, तेव्हा खोलीत खुशाल झोपा. आणि दोन चष्मे न्या. एक वाऱ्यानं उडाला किंवा काचेवर खारट तुषार बसले तर दुसरा हाताशी हवा. चष्म्याला दोरी लावून घ्या, कोल्हापुरात महाद्वार रोडला कुठेही मिळते.

परत आल्यावर मला लिहा. शेजारी कोण भेटलं, ते वाचायला आवडेल.

*

प्रश्न : वाचनालयाचं पुस्तक बोटीवर नेलं तर चालेल का? मुदत पंधरा दिवसांची आहे.

उत्तर : मुदतीत बसतं, तरी नेऊ नका. गोव्याहून परत आलेलं एक पुस्तक मी हातात घेतलं होतं. शिवण सुटलेली, पानांवर उन्हापासून बचावाच्या मलमाचे तेलकट ठसे, मधल्या घडीत वाळू. ती आवृत्ती पुन्हा छापली गेलेली नव्हती. नेणाऱ्या बाईंनी दंड निमूट भरला, त्यांनाही फार वाईट वाटलं होतं, पण पुस्तक परत मिळालं नाही. आपल्या करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची वाचनालयं टिकली ती पुस्तकं हातोहात जपली गेली म्हणून. न्यायचंच असेल तर वाचनालयात जाऊन ते पुस्तक चाळा, वीस पानं तिथेच बसून वाचा, आणि आवडलं तर स्वस्त आवृत्ती किंवा जुनी प्रत विकत घ्या. खराब झाली तरी ती तुमची असेल.